पानावरचा जादा अनुस्वार

२०२४ चा श्रावण नुकताच लागला होता आणि दिवाळी अंकांची कामं सुरू झाली होती. मी साताऱ्यात राहते, गेली बावीस वर्षं घरी बसून मुद्रितशोधन करते. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे आमची सुगी. तीन अंकांची प्रुफं एकाच वेळी टेबलावर. त्या सकाळी एका कथेचं दुसरं प्रूफ वाचत होते. ‘पाणी’ मधल्या ‘पा’वर अनुस्वार दिसला. लाल पेनानं काढायची खूण केली. पुढच्या ओळीत ‘घर’ शब्दावर अनुस्वार. घरावर कोण अनुस्वार देईल, असं मनात आलं, तरी हाताच्या सवयीनं तिथेही खूण झाली. तिसऱ्या ओळीत तोच ठिपका दोन शब्दांमधल्या कोऱ्या जागेत दिसला आणि मी पेन टेकवायला गेले तसा खाली घरंगळला. चष्मा पुसला, कागद झटकला. ठिपका तिथेच. मग एकेक डोळा झाकून पाहिला. डावा झाकला की ठिपका होता, उजवा झाकला की नव्हता.

तेव्हा आदल्या रात्रीचं आठवलं. स्वयंपाकघरातला दिवा मालवून अंधारात खोलीकडे येताना उजव्या डोळ्याच्या कानाकडच्या कडेला एक चंद्रकोर लख्ख उमटून गेली होती. बाहेर पाऊस होता, म्हणून वीज समजून मी सोडून दिलं. पण गडगडाट झाला नव्हता. अंथरुणावर मान वळवली तेव्हा पुन्हा चमकलं, आणि तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. मिटल्या डोळ्यांना बाहेरची वीज अशी कडेला कोर होऊन दिसत नाही, एवढं तरी मला तेव्हा कळायला हवं होतं.

माझं वय तेव्हा ५६. चष्मा शाळेपासून, उजव्या डोळ्याचा नंबर मायनस सात. मधुमेह नाही, रक्तदाबाची एक गोळी चालू. हे सांगते, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी हेच विचारलं गेलं. मोठ्या मायनस नंबरचा डोळा लांबट असतो, त्यामुळे आतला उजेड टिपणारा पडदा, म्हणजे रेटिना, ताणलेला आणि कडेला पातळ असतो. चाळीस वर्षं चष्मा लावून मला हे कुणी सांगितलं नव्हतं. चष्म्याचा नंबर म्हणजे काचेची जाडी, एवढीच माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी गावातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. नंबर तपासला, टॉर्चनं डोळा पाहिला, ‘वयानं होतं हे, जाळी आली आहे, सवय होईल’ असं सांगून ओलाव्याचे थेंब लिहून दिले. चमकतं हे मी सांगितलं होतं. बाहुली मोठी करायचं औषध घातलं नाही, आणि ते घालायला हवं हे मला माहीत नव्हतं. चार दिवस मी ते थेंब नेमानं घातले. या दुखण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. ‘वयानं होतं’ हे खोटं नव्हतं. पण वयानं होताना आत कुठे फाटलंय का, हे पाहायचं राहून गेलं. आणि या दुखण्यात पहिल्या दिवशी पाहायचं असतं ते तेवढंच. याचा मला आजही राग येतो.

सोमवारी सकाळी चहाचं आधण ठेवताना एकदम ठिपक्यांची बरसात झाली. फोडणीत मोहरी तडतडून ओट्यावर उडावी तसे बारीक, काळे, पन्नास तरी असतील. त्यांच्यामधून उदबत्तीच्या धुरासारखी एक रेघ हळूहळू खाली उतरत होती. दुखत मात्र काहीच नव्हतं. डोळा लाल नाही, पाणी नाही, ठणका नाही. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी पुन्हा डॉक्टरांकडे जायचं म्हणजे बाऊ केल्यासारखं वाटतं, आणि त्या वाटण्यातच माणसं दिवस घालवतात. मीही घालवले होते.

लेक पुण्यात असते. रोजच्यासारखा तिचा फोन आला तेव्हा बोलता बोलता सांगितलं.

‘‘आई, चमकायला लागून किती दिवस झाले?’’

‘‘आठवडा होईल उद्या.’’

‘‘आणि मोहरी आज? तू आजच निघ. उद्या नको.’’

‘‘अगं, दोन फर्मे द्यायचेत संध्याकाळपर्यंत.’’

‘‘संपादकांना मी फोन करते. बाबांना दे.’’

ह्यांनी मला स्कूटरवर स्टँडवर आणलं आणि आम्ही पुण्याची एसटी धरली. खंबाटकीच्या घाटात आभाळ पांढरंफेक होतं. फिकट, एकसारख्या उजेडात हे ठिपके सगळ्यात जास्त दिसतात, हे मला त्या खिडकीत बसून कळलं. नजर डोंगराकडे नेली की सगळा थवा मागून यायचा, नजर थांबली तरी तो थोडा पुढे जाऊन मग हलकेच परत फिरायचा. लॅटिनमध्ये या ठिपक्यांना ‘उडत्या माशा’ म्हणतात असं नंतर वाचलं, आणि ज्यानं ते नाव ठेवलं त्याला हे नक्की दिसत असणार असं वाटलं. कुणी पाहिल्याशिवाय हा शब्द सुचणार नाही.

रेटिनाच्या दवाखान्यात नाव नोंदवताना ‘काय होतंय?’ या प्रश्नाला मी ‘चमकतंय आणि काळे ठिपके’ म्हटलं. नोंदणीवरच्या मुलीनं फॉर्मच्या कोपऱ्यात लाल टिकली केली आणि मला रांगेतून पुढे घेतलं. तो लाल ठिपका पाहून मला धीरही आला आणि भीतीही वाटली.

मग थेंब. बाहुली मोठी करायचे थेंब चांगले झोंबतात. दहा-दहा मिनिटांनी तीनदा घातले आणि डोळे मिटून बाकावर बसायला सांगितलं. अर्ध्या तासानं डोळे उघडले तर हातातला फॉर्म वाचता येईना, अक्षरं विरघळलेली. आत काळोख्या खोलीत डॉक्टरांनी आधी हनुवटी टेकवायच्या यंत्रावर पाहिलं. मग मला आडवं झोपवून स्वतःच्या डोक्यावर दिव्याचं शिरस्त्राण चढवलं, एका हातात भिंग धरलं. ‘‘वर बघा ताई. वर आणि उजवीकडे. उजवीकडे. उजवीकडे खाली.’’ आठही दिशा झाल्या. मग पापणीवरून एका बोथट धातूच्या काडीनं डोळा दाबत दाबत पुन्हा तेच. हे नकोसं वाटतं, थोडं दुखतंही. पण पडद्याची अगदी काठाची पट्टी एरवी नजरेला येत नाही. बाहेरून दाबलं की ती आत उचलली जाते आणि दिसते. तो प्रखर उजेड सरकताना एका क्षणी मला माझ्याच डोळ्याच्या रक्तवाहिन्या दिसल्या. जाळी पडलेल्या पिंपळपानासारख्या, काळ्या, फांद्या फुटलेल्या. क्षणभर भीती विसरून मी ते बघत राहिले.

वर उजवीकडे बघायला सांगितल्यावर डॉक्टर बोलायचे थांबले. भिंग तिथेच धरून ठेवलं. दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

दिवा लावल्यावर त्यांनी एक कागद ओढून वर्तुळ काढलं, घड्याळासारखे आकडे मांडले आणि अकराच्या जवळ इंग्रजी यू काढला. मला तो उकार दिसला. ‘‘पडद्याला इथे चीर आहे. घोड्याच्या नालासारखी. पण पडदा जागेवर आहे, पाणी फारसं शिरलेलं नाही. आज लेसर करू. आज म्हणजे आत्ता.’’

मी विचारलं, हे झालं कसं, मी तर पडले नाही, काही लागलं नाही. त्यांनी त्याच कागदावर समजावलं आणि ते इतकं नीट समजावलं की मी आता इतरांना तसंच सांगते. डोळ्याच्या पोकळीत चहाच्या चमच्याहून थोडा कमी, चारेक मिलिलीटर, जेलीसारखा पदार्थ भरलेला असतो. शंभरातले ९८-९९ भाग पाणी, उरलेलं कोलॅजेनचे बारीक धागे आणि ते धरून ठेवणारं हायलुरोनिक आम्ल. तरुणपणी ही जेली घट्ट आणि काचेसारखी स्वच्छ असते. वयानं ती पातळ होते, धागे एकत्र येऊन त्यांच्या गुठळ्या होतात, त्यांची सावली पडद्यावर पडते आणि आपल्याला ठिपका, कोळिष्टक, माशी असं काहीबाही दिसतं. मग एक दिवस जेली मागच्या पडद्यापासून सुटते. पन्नाशी-साठीनंतर बहुतेकांचं हे होतंच. मायनस नंबरवाल्यांचं लवकर होतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांचंही. सुटताना ती पडद्याला ओढते. पडद्याला वेदना कळत नाही. त्याला काहीही झालं तरी तो मेंदूला एकच गोष्ट कळवू शकतो, उजेड. मला रात्री दिसलेली चंद्रकोर म्हणजे ती ओढ होती.

बहुतेकांची जेली सुखरूप सुटते. पण अचानक चमकणं आणि ठिपके घेऊन आलेल्यांपैकी आठ-दहा जणांत एखाद्याचा पडदा सुटताना फाटतो. आणि मोहरीसारखी बरसात झाली असेल तर ते बहुधा फाटलेल्या जागेतलं रक्त किंवा रंगकण असतात. चिरेतून पातळ झालेलं पाणी पडद्याच्या मागे शिरतं आणि भिंतीचा ओला झालेला कागद सुटावा तसा पडदा सुटत जातो. ज्याला आपल्याकडे ‘पडदा सरकला’ म्हणतात ते हे. अशी ताजी, ओढ असलेली चीर तशीच सोडली तर जवळपास निम्म्यांचा पडदा सुटतो. वेळेत लेसर झाला तर ते प्रमाण शंभरात पाचाच्या खाली येतं. डॉक्टरांनी हे आकडे सांगितले तेव्हा मी ओलाव्याच्या थेंबांचे चार दिवस मोजत होते.

लेसरला पंधरा-वीस मिनिटं लागली. डोळा बधिर करायचे थेंब, मग चिकट जेल लावलेलं एक भिंग थेट बुबुळावर टेकवलं. पापणी मिटता येत नाही, हनुवटी टेकलेली, कपाळाला पट्टा. हिरव्या उजेडाचा ठोका पडतो, टक्, आणि लगेच दुसरा. बहुतेक ठोके नुसते लखलखतात. मधूनच एखादा ठोका दाढेच्या मुळाशी सणक जावी तसा खोल लागतो. मी टेबलाची कड घट्ट धरली होती. ‘‘काकू, श्वास घ्या, सोडा, हलू नका,’’ असं शेजारी उभी असलेली शिकाऊ डॉक्टर मुलगी सांगत होती, तिचा हात माझ्या डोक्याच्या मागे होता. चिरेभोवती तीन रांगांचं कुंपण घालतात. लेसर चीर शिवत नाही, तिच्या भोवती पडदा भाजून खालच्या थराला वण धरवतो, म्हणजे पाणी शिरलं तरी त्या कुंपणापलीकडे जात नाही. वण पक्का व्हायला दहा-पंधरा दिवस जातात. सगळं झाल्यावर उजव्या डोळ्यासमोर बराच वेळ गडद जांभळं होतं, ते हळूहळू निवळलं. माझे साडेपाच हजार रुपये झाले, तपासणीचे वेगळे. रात्री लेकीकडे राहिले.

भाजून बरं करायचं ही कल्पना मला विलक्षण वाटली, म्हणून नंतर त्याबद्दल वाचलं. स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये ज्यूल गोनँ नावाच्या डॉक्टरांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं की पडदा सुटण्याचं मूळ चिरेत आहे, चीर बंद करा म्हणजे पडदा बसतो. त्याआधी पडदा सुटला की दृष्टी गेली, हेच धरून चालत. पुढे जर्मनीत गेर्ड मायर-श्विकेराट यांच्यापुढे १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजून घेतलेला रुग्ण आला. तो वण पाहून त्यांच्या मनात आलं, की हवा तिथे मुद्दाम असाच वण धरवता येईल. सुरुवातीला त्यांनी आरशांनी सूर्याचाच उजेड आत घेऊन रुग्णांच्या डोळ्यात सोडला. लेसर पुष्कळ नंतर आला. आपल्या आजीनं ‘ग्रहणाकडे बघू नका’ म्हटलेलं आठवलं, आणि त्या भाजण्यातूनच माझ्या डोळ्याचं कुंपण आलं हे वाचून त्या सगळ्या माणसांबद्दल मला मनापासून कृतज्ञ वाटलं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी उत्साहानं प्रूफ उघडलं. अनुस्वार तिथेच होता.

हे मला आधी कुणी ठसवून सांगायला हवं होतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. लेसर चिरेसाठी होता. ठिपक्यांसाठी नव्हता. मोहरी दोन-तीन आठवड्यांत बरीच विरली, खाली बसली. कडेची वीज महिनाभर चमकत राहिली, हळूहळू विरळ होत थांबली. पण पहिला मोठा ठिपका राहिला. नीट निरखल्यावर तो ठिपका नव्हताच, मधे पोकळ असलेलं एक वेडंवाकडं वळं होतं. डोळ्याची नस जिथून आत येते तिथे जेली गोल चिकटलेली असते. ती सुटते तेव्हा तो गोल तसाच निघून येतो आणि समोर तरंगतो. डॉक्टर त्याला वाइस रिंग म्हणतात. माझ्या पानावर तो प्रत्येक ओळीत एक अक्षर झाकायचा. रफार आहे का, वेलांटी पहिली की दुसरी, हे पाहायला नजर नेली की तो आधी तिथे पोचलेला असायचा. एका अंकात माझ्याकडून सात चुका सुटल्या. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी रात्री रडायचे. घरच्यांना ते कळायचं नाही, कारण माझा डोळा बाहेरून छान दिसत होता आणि तक्ता मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होते. ‘चीर तर बंद झाली ना?’ असं सगळे म्हणायचे, आणि ते खरं होतं.

त्यात गणपती आले. डॉक्टरांनी वजन उचलायला, धक्के-हिसके बसतील असं काही करायला मनाई केली होती, म्हणून त्या वर्षी पाण्याची घागर नाही, गाद्या काढणं नाही. धाकट्या जाऊबाई आल्या होत्या, त्यांनी ‘वहिनी, तुम्ही नुसत्या बसा’ म्हणून सगळं उरकलं. घरात माणसं होती म्हणजे सल्लेही होते. त्रिफळ्याच्या पाण्यानं डोळे धुवा, तूप घाला, अननस खा, अमक्या गोळ्या घ्या. सगळ्यांच्या सांगण्यात माया होती, म्हणून मी डॉक्टरांना एकेक विचारून घेतलं. ठिपके डोळ्याच्या आत, जेलीत आहेत. वरून घातलेला थेंब तिथल्या गुठळीला विरघळवत नाही, आणि कुठल्याही गोळीनं वा फळानं ती विरघळते हे नीट सिद्ध झालेलं नाही. घरगुती काही तर ताज्या लेसरच्या डोळ्यात अजिबात घालायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

लेसरनंतर आठवड्यानं, महिन्यानं आणि तीन महिन्यांनी तपासणी होती. जेली सुटल्यावर पुढचे काही आठवडे नवी चीर पडू शकते, म्हणून महिन्याची फेरी कधी चुकवायची नाही. चीर सापडली नाही त्यांनीही नाही. तिसऱ्या महिन्यात, दिवाळी होऊन गेल्यावर, मी डॉक्टरांना सरळ म्हटलं, ‘‘हे काढून टाका. माझं पोट यावर आहे.’’

त्यांनी घाई केली नाही. वीस मिनिटं बोलले. त्यांच्या म्हणण्यानुसार माझ्यापुढे तीन वाटा होत्या, आणि तिन्ही त्यांनी खऱ्या मानल्या, काही न करणं हीसुद्धा.

पहिल्यांदा मी दुसऱ्या लेसरबद्दल विचारलं. जाहिराती पाहिल्या होत्या. हा याग लेसर, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बसवलेल्या भिंगामागच्या पातळ पडदीवर धुकं येतं ते काढायला वापरतात त्या जातीचा. जेलीतल्या गुठळीवर रोखून तिचे तुकडे करतात, थोडी वाफ करतात. माझ्यासारखं एकच सुटं वळं असेल आणि ते डोळ्यातल्या पुढच्या भिंगापासून आणि मागच्या पडद्यापासूनही लांब असेल तर विचार करता येतो. धुरासारख्या पसरलेल्या जाळीवर फारसा उपयोग नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचे निकाल आले होते. ५२ रुग्ण, काहींना खरा लेसर आणि काहींना नुसता देखावा. सहा महिन्यांनी खऱ्या लेसरवाल्यांनी आपला त्रास ५४ टक्के कमी झाल्याचं सांगितलं, देखाव्यावाल्यांनी ९ टक्के. आकडा आशेचा आहे, पण माणसं थोडी होती. नेम चुकला तर भिंगाला किंवा पडद्याला इजा होऊ शकते, आणि मोठ्या वळ्याचे चार छोटे तुकडे होऊन तेच समोर फिरत राहिले असंही होतं. ‘‘आणि तुमच्या पडद्याला तीन महिन्यांपूर्वी चीर होती,’’ एवढं ते म्हणाले.

मग विट्रेक्टॉमी, म्हणजे जेलीच काढून टाकायचं ऑपरेशन. १९७० च्या सुमारास मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी याची सुरुवात केली. आता अर्ध्या मिलिमीटरच्या तीन भोकांतून होतं, बहुधा टाकेही लागत नाहीत. जेलीच्या जागी क्षारयुक्त पाणी भरतात आणि पुढे डोळा आपला स्वतःचा द्रव तयार करून ती जागा घेतो. ठिपके जातात, बहुतेकांचे अगदी जातात. याहून पक्का उपाय नाही. पण पन्नाशीनंतर या ऑपरेशनपाठोपाठ मोतीबिंदू लवकर पिकतो, हे जवळजवळ धरूनच चालायचं. पडदा फाटण्याचा, सुटण्याचा धोका आहे. आणि क्वचितच, पण डोळ्यात जंतुसंसर्ग झाला तर आहे ती दृष्टी जाऊ शकते. ज्यांना गाडी चालवता येत नाही, काम पार थांबलं आहे, दिवस-दिवस उदास बसतात, त्यांच्यासाठी हे ऑपरेशन ते करतात. त्याला त्यांनी ‘चैन’ म्हटलं नाही, याचं मला बरं वाटलं. बाकीचे लोक म्हणत होते.

‘‘तुमचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत येतो. तो डोळा मी आज उघडावा असं मला वाटत नाही. सहा महिने द्या. वळं पुढे सरकतं, खाली बसतं, त्याची सावली फिकट होते. नाही झाली तर या, मी नाही म्हणणार नाही.’’

शेवटचं वाक्य त्यांनी म्हटलं नसतं तर मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले असते. दार उघडं आहे हे कळल्यामुळे मला थांबता आलं.

थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. प्रुफांसाठी पांढराशुभ्र कागद बंद केला, फिकट बदामी आणला. संगणकावर पानाची पार्श्वभूमी करडी केली. टेबलावरचा दिवा डोक्यामागून काढून डाव्या बाजूला, खाली आणला. उन्हात गॉगल. वळं ओळीवर येऊन बसलं की नजर झटकन वर आणि मग खाली न्यायची. जेली ढवळली जाते आणि ते काही क्षण बाजूला होतं, तेवढ्यात शब्द वाचून घ्यायचा. हे डॉक्टरांनीच शिकवलं. पहिले काही दिवस मान दुखली, मग फक्त डोळ्यानं जमू लागलं. दुसऱ्या वाचनाला एक शिकाऊ मुलगी बरोबर घेतली, ती मोठ्यानं वाचते, मी ओळ धरते. जुन्या छापखान्यांत असंच करायचे. चुका सुटायच्या थांबल्या.

मार्चच्या सुमारास एका दुपारी लक्षात आलं, की सकाळपासून वळं दिसलं नाही. शोधलं तर होतं. खाली, डाव्या कोपऱ्यात, कागदावर पाण्याचा डाग वाळून राहावा तसं फिकट. आभाळाकडे पाहिलं की अजूनही येतं. अक्षरावर अनुस्वार म्हणून मात्र बसत नाही. ऑपरेशनसाठी मी परत गेले नाही. माझ्याच वयाच्या एका शिक्षिका त्या दवाखान्यात भेटायच्या, त्यांनी दोन वर्षं वाट पाहून विट्रेक्टॉमी केली, पुढे मोतीबिंदूही काढला आणि त्या समाधानी आहेत. त्यांची जाळी दाट होती, फळ्यावरचं दिसत नव्हतं. त्यांनी केलं ते त्यांच्या डोळ्यासाठी योग्यच होतं.

कुणी विचारलं तर मी आता आधी तीन प्रश्न विचारते. अचानक सुरू झालं का? चमकतंय का? एका बाजूनं सावली किंवा पडदा आल्यासारखं वाटतं का? यातलं एकही ‘हो’ असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, बाहुली मोठी करून तपासून घ्यायचं, आणि तशी तपासणी न होता कुणी ‘काही नाही’ म्हटलं तर ते मान्य करायचं नाही. सावली येत असेल तर तासांचा हिशेब असतो. मधल्या भागापर्यंत पडदा सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर वाचायची आशा कितीतरी जास्त. मधुमेह असेल तर ते ठिपके रक्ताचेही असू शकतात, त्यांनी तर थांबूच नये. दोन्ही डोळ्यांत वेड्यावाकड्या, करवतीसारख्या रेघा वीस-तीस मिनिटं चमकून जात असतील आणि मग डोकं धरत असेल तर ती बहुधा अर्धशिशी. तिचं मूळ मेंदूत असतं, डोळ्यात नाही. पण ते ठरवायचं डॉक्टरांनी.

एका डोळ्याची जेली सुटली की वर्ष-दोन वर्षांत दुसऱ्याची सुटते, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. यंदाच्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेलेल्या रात्री, गच्चीवरचे कपडे काढून अंधाऱ्या जिन्यानं उतरताना डावीकडच्या कडेला चंद्रकोर चमकली. मी जिन्यातच थांबले. डोकं डावीकडून उजवीकडे वळवून पाहिलं. पुन्हा चमकली. ह्यांना म्हटलं, ‘‘उद्या पहिली गाडी.’’ त्यांनी काही न विचारता गजर लावला.

तेच थेंब, तोच बाक, त्याच आठ दिशा. काडीनं दाबताना या वेळी मी श्वास कसा घ्यायचा हे जाणून होते. डॉक्टरांनी भिंग कुठेही थांबवलं नाही. ‘‘जेली सुटली आहे, चीर नाही. चार आठवड्यांनी या. मधे मोहरी दिसली तर त्याच दिवशी.’’ उजव्या डोळ्याचं कुंपण पाहून ‘‘वण छान धरलाय’’ म्हणाले.

दुपारच्या गाडीनं परतलो. पिशवीत एका अंकाचं पहिलं प्रूफ होतं, वाटेत वाचीन म्हणून सकाळी घेतलेलं. बाहुल्या मोठ्या होत्या, अक्षर लागत नव्हतं. ह्यांनी चष्मा लावला आणि शिरवळ येईपर्यंत हळू आवाजात वाचून दाखवलं, अनुस्वार कुठे आहे ते प्रत्येक वेळी सांगत.